आमच्या झोपाळ्याचा देश

माझं नाव मृदुला. हसू नका. हे नाव पहिल्यांदा ऐकणारा प्रत्येक जण आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग ओठ चावून खाली बघतो. बासष्ट वर्षांत त्याची सवय झाली आहे. स्वभाव तिखट आहे, मान्य. पण आकड्यांच्या बाबतीत मी कधी कुणाला हार गेले नाही, आणि त्याच आकड्यांच्या भरात नवऱ्याच्या बाबतीत अशी काही घोडचूक केली की ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

नवरा म्हणजे विश्राम मेस्त्री. राजापूर तालुक्यातल्या कोळवली या खाडीकाठच्या गावचा सुतार. २००३ साली पुण्यातल्या आमच्या कार्यालयाच्या खिडक्या बसवायला आला. तीन दिवसांचं काम त्याने अकरा दिवस पुरवलं, आणि बाराव्या दिवशी माझ्या टेबलाचा हलणारा पाय न सांगता नीट करून दिला. पुढच्या वर्षी लग्न झालं. तेव्हापासून ते 'अहो' झाले.

बोलण्यात माणूस भारी कंजूष. लग्नात त्यांनी मला दागिना केला नाही, झोपाळा केला. सहा फुटांची सागवानी फळी, पितळी कड्या, कडांना साधी गोलाई. पहिल्या दिवशी मला त्यावर बसवून म्हणाले, "आईच्या परसातला साग हा. लग्न होऊन आली त्या वर्षी तिने लावलेला. ती असती तर तिनेच तुला हाताला धरून इथे बसवलं असतं." सासूबाई आमच्या लग्नाआधी तीन वर्षं गेल्या होत्या. मी त्यांना पाहिलं नाही. मला सासू मिळाली ती ही फळी.

आता माझ्या कामाबद्दल. साग, शिसम, महोगनी असल्या कठीण लाकडाचा व्यापार कुठल्या देशाने कुठल्या दशकात किती केला, याची तुलना करणं हे माझं गेल्या सव्वीस वर्षांचं काम. ऐकायला रटाळ वाटतं ना? मला कधी वाटलं नाही. विकणारा देश म्हणतो, यंदा आम्ही चाळीस हजार घनमीटर धाडलं. घेणारा देश म्हणतो, आमच्याकडे सत्तर हजार आलं. मधलं तीस हजार काय समुद्रात उगवलं? कुणी शेजाऱ्याच्या जंगलातलं लाकूड आपलं म्हणून विकतो, कुणी अख्खे ओंडके कागदावर खुर्च्या म्हणून दाखवतो. कागद खोटं बोलतात हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण खरं कोण सांगणार?

ते टिकलीने सांगितलं. यंत्राचं सरकारी नाव 'मूळशोधक' आहे, ते कुणी उच्चारत नाही. कपाळाच्या टिकलीएवढी चकती लाकडाला चिकटवायची, म्हणून टिकली. तिचं शास्त्र तसं सोपं आहे. खडकांत स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य असतं, त्याचे काही अणू जड, काही हलके. जड किती आणि हलके किती, हे प्रमाण खडकाच्या वयावर आणि जातीवर ठरतं. कोकणातल्या काळ्या कातळाचं प्रमाण एक, चंद्रपूरकडच्या जुन्या खडकाचं दुसरं, बर्माच्या डोंगरांचं तिसरं. झाड मुळांनी पाणी पितं, त्यासोबत हे अणूही पितं, आणि ते लाकडात कायमचे बसतात. टिकली लेझरच्या बारीक किरणाने कणभर लाकूड उडवते, प्रमाण मोजते आणि सांगते, हे झाड अमुक मातीत उभं होतं. कार्बनवरून तोडणीचं वर्षही सांगते. कागद नको, बिल नको, कुणाची साक्ष नको.

दहा वर्षांत आम्ही घरोघरी माझा एक्केचाळीस प्रश्नांचा फॉर्म भरून घेत दहा लाख घरांतली दारं, पलंग, कपाटं वाचली. त्यावरून मी एक भलामोठा तक्ता केला. प्रत्येक देशाचा एक रंगीत पट्टा, डावीकडून उजवीकडे वर्षं. बर्माचा पट्टा सुरुवातीला जाडजूड, मग आक्रसत जाणारा. मध्येच मलेशिया. मग घाना, आयव्हरी कोस्ट. शेवटी पनामा, इक्वेडोर. आणि या सगळ्यांखाली एक हिरवट पट्टा, जो जगातल्या कुठल्याच कागदावर नव्हता. तो माझा शोध होता. कोकणातल्या अकरा हजार घरांत, १९६० ते २००५च्या दरम्यान तोडलेला असा साग सापडला की ज्याचं प्रमाण प्रवाळाच्या मातीशी नेमकं जुळत होतं. प्रवाळ समुद्राच्याच पाण्यातून बनतो, त्यामुळे त्याचं प्रमाण आणि समुद्राचं प्रमाण एकच. प्रवाळाच्या बेटांवर साग लावलेला देश आमच्या यादीत एकच होता, लुवान. चिमुकला, पार पूर्वेकडचा. लुवानने भारताला एक ओंडकाही विकल्याची नोंद नव्हती. म्हणजे पंचेचाळीस वर्षांचा चोरटा व्यापार! जिनिव्हाच्या परिषदेत तो पट्टा दाखवायचं मला निमंत्रण होतं. निवृत्तीला पाच महिने उरले होते. मी हवेत होते, खोटं कशाला बोलू.

त्यातच गेल्या मार्चमधल्या एका रविवारी एका वाहिनीची मुलगी कॅमेरा घेऊन आमच्या घरी आली. म्हणाली, "मॅडम, घरातल्याच एखाद्या वस्तूला टिकली लावून दाखवा ना." मी म्हटलं, झोपाळाच दाखवू. विश्राम त्यावर बसले होते. तिने त्यांना विचारलं, "काका, हे लाकूड कुठलं?" आणि या मुखदुर्बळ माणसाने चक्क कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं, "आमच्या आईच्या परसातला साग. कोळवलीचा."

मी फळीच्या कडेला टिकली लावली. चाळीस सेकंद. पडद्यावर अक्षरं आली: लुवान बेटे. तोडणी २००२.

त्या मुलीने "अय्या!" केलं. विश्रामनी माझ्याकडे बघितलं. तेव्हा मी काय करायला हवं होतं? काहीही. टिकली पुन्हा लावायची, खोकायचं, चहा टाकायला उठायचं. मी काय केलं? हसले. आणि कॅमेऱ्यासमोर ठसक्यात म्हणाले, "बघा, माणसाची आठवण अशी असते. म्हणून तर यंत्र लागतं."

विश्राम झोपाळ्यावरून उठले. हळूच उठले, कड्या वाजू न देता. पाहुणीला म्हणाले, "बसा, चहा आणतो." चहा आणला, तिला दिला, मला दिला. आणि त्यानंतर ते झोपाळ्यावर बसले नाहीत.

आठवडाभर मी वाट पाहिली. मग माझं डोकं फिरलं. "अहो, एकदाचं खरं सांगून टाका ना. लग्नाच्या घाईत राजापूरच्या वखारीतून घेतली असेल फळी. कुणी फसवलं असेल तुम्हाला. मी काय फाशी देणार आहे?"

"आईच्या परसातला साग," ते म्हणाले.

"टिकली खोटं बोलत नाही."

"मग मी बोलतो, असं म्हण ना."

मी तसं म्हटलं नाही. पण नाही असंही म्हटलं नाही. सदतीस वर्षांत आम्ही भांडलो नाही असं नाही, मी तर रोज भांडते. पण मी भांडायचं आणि त्यांनी रंधा मारता मारता गालातल्या गालात हसायचं, अशी आमची पद्धत. ते हसूच बंद झालं. घरात जेवण व्हायचं, भाजी यायची, दिवे लागायचे, आणि झोपाळा नुसता लटकत राहायचा. मला एकटीला त्यावर बसवेना.

त्यात लाल चकती आली. 'परतीचा करार' म्हणून एक आंतरराष्ट्रीय करार पाच वर्षांपूर्वी झाला आहे: १९९० नंतर एखाद्या देशातून चोरून नेलेलं लाकूड सापडलं तर ते परत पाठवायचं. लुवानच्या लोकांनी त्या लाकडातून शाळा बांधायचं ठरवलं होतं. करार चांगलाच आहे, त्याचा मसुदा करताना माझेही चार शब्द त्यात गेलेत. आता त्याच करारातला माणूस येऊन आमच्या झोपाळ्याला लाल चकती ठोकून गेला. ऐंशी दिवसांनी, जूनच्या तीन तारखेला, सोमवारी ट्रक येणार. हरकत असेल तर पुरावा द्या.

"पुरावा आहे काही?" मी विचारलं.

"मी सांगतोय, तो आहे."

"तो चालत नाही हो!"

"तुझ्याकडे चालत नाही," ते म्हणाले, "ट्रकवाल्याचं मला काय!"

एप्रिलमध्ये मी लुवानमधल्या सेलू तामवेशी बोलत होते. ती तिकडच्या वनखात्यात माझ्यासारखंच काम करते. दोघींच्या मध्ये भाषांतर करणारा फोन असतो, तो तिचं बोलणं अगदी साध्या मराठीत सांगतो. माझा अहवाल तिकडच्या वर्तमानपत्रात आला होता. मला वाटलं, अभिनंदन करील. ती म्हणाली, "मृदुला, आमच्या सागाच्या रानाचा राखणदार अजून जिवंत आहे. तेपा आजोबा, चौऱ्याऐंशी वर्षांचे. २००५च्या वादळाने रान नेलं असं ते सांगत आले आहेत. आता गाव म्हणतं, वादळ-बिदळ काही नाही, हा म्हातारा तुम्हाला झाडं विकत होता. त्यांच्या अंगणात कुणी बसायला जात नाही."

"पण आकडे तर..." मी म्हटलं.

"हो. आकडे आहेत ना," ती म्हणाली.

मेच्या शेवटच्या शुक्रवारी मी कार्यालयातून घरी आले तर झोपाळा खाली उतरवलेला. कड्या पुसून, जुन्या धोतरात बांधून ठेवलेल्या. फळीला चादर गुंडाळून भिंतीशी उभी केलेली. तेही कसं? सुतार फळी उभी करतो तेव्हा बुंध्याकडची बाजू खाली आणि शेंड्याकडची वर ठेवतो, झाड उभं असतं तशी. त्यांनी निरोपालाही तो नेम मोडला नव्हता. वर चिठ्ठी: "कोळवलीस जातो. ट्रक गेल्यावर येईन. डब्यात पोहे आहेत."

माझा संताप संताप झाला. आणि मग मी त्या फळीशेजारी जमिनीवर बसून रडले. मला ते हवे होते, झोपाळा हवा होता, टिकलीही खरी हवी होती. तिन्ही एकदम मिळण्यासारखं नव्हतं.

शनिवारी सकाळच्या पहिल्या गाडीने निघाले. राजापूरहून कोळवलीला पोचायला दुपार झाली. घराला कुलूप. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भावजी खाडीवर गेलेत, हसनभाईंकडे." हसनभाई मुकादम म्हणजे विश्रामच्या वडिलांचे दोस्त, आता नव्वदीला टेकलेले. उन्हातून तणतणत मी खाडीवर गेले.

पूर्ण ओहोटी होती. खाडीने पोट आत घेतलेलं, सगळीकडे काळा चिखल. त्या चिखलात गुडघाभर रुतून माझा सदुसष्ट वर्षांचा नवरा सुंभाची दोरी ओढत होता. काठावर हसनभाई स्टुलावर बसून हुकूम सोडत होते. दोरीच्या टोकाला जांभ्याच्या चिऱ्यांखाली दाबलेला फळ्यांचा थर होता. काळ्याकुट्ट, शेवाळलेल्या फळ्या.

"हे काय चाललंय?" मी काठावरून ओरडले.

"लाकूड मुरत घातलंय ते काढतोय," विश्राम म्हणाले. "हसनभाईंच्या नातवाच्या दाराचं."

"चिखलात?"

"खाडीत गो. खाऱ्या पाण्यात."

"कशाला?"

हसनभाईंनी माझ्याकडे दयेने बघितलं. "वैनी, किडा लागत नाही. चिरलेल्या फळ्या दोन पावसाळे खाडीत घालायच्या. चीक जातो, मीठ आरपार मुरतं. मग गोड्या पाण्यात धुवून सावलीत वाळवायच्या. शंभर वर्षं भुंगेरा फिरकत नाही. ह्या खाडीत तुमच्या सासऱ्यांच्या फळ्या मीच राखायचो."

मी खाली जांभ्यावर बसले. समुद्राचं पाणी, त्यातलं स्ट्रॉन्शियम. मीठ धुतलं तर निघून जातं, पण स्ट्रॉन्शियम लाकडाच्या तंतूंना धरून बसतं. दोन पावसाळे खाडी प्यालेल्या फळीला टिकली लावली तर ती काय वाचणार? समुद्र. आणि समुद्राचं प्रमाण म्हणजे प्रवाळाचं प्रमाण, म्हणजे लुवान!

"अशा फळ्या... किती लोक घालायचे?"

"किती म्हणजे? खाडीकाठचे सगळेच. इकडून वेंगुर्ल्यापर्यंत. आता मी एकटाच उरलोय बघा."

अकरा हजार घरं. पंचेचाळीस वर्षं. मी विश्रामकडे बघून किंचाळले, "हे तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

ते चिखलातच उभे राहिले, कमरेवर हात ठेवून. "तू विचारलंस कुठे? त्या तुझ्या फॉर्मात एक्केचाळीस प्रश्न. पॉलिश विचारलंस, डिंक विचारलास, वाळवीचं औषध विचारलंस, लाकूड धुरात होतं का विचारलंस. खाडीचं नाव आहे का कुठे?"

"पण तुम्हाला सांगता येत नव्हतं?"

"त्यात सांगण्यासारखं काय आहे? भात शिजवताना पाणी घातलं, हे कोण सांगत बसतं?"

खरं होतं. फॉर्म मी केला होता, पुण्यात बसून. शहरातली लाकडं आठवून एक्केचाळीस प्रश्न काढले होते. आणि उत्तर सदतीस वर्षं माझ्या शेजारी बसून झोके घेत होतं.

पण ही झाली शंका. शंका म्हणजे पुरावा नव्हे, आणि परवा ट्रक येणार होता. पाण्यात न गेलेला त्याच झाडाचा तुकडा हवा होता. मी तसं बोलले तर हसनभाई म्हणाले, "मग पहिला तुकडा बघा की! तो कुठे पाण्यात जातो? झाड पाडलं की बुंध्याचा हातभर तुकडा आधी कापून घरात न्यायचा. ज्याच्या दारातलं झाड, त्याच्या चुलीपाशी तो राहतो. आमच्यातही तसंच."

मी नवऱ्याकडे बघितलं. "कुठे आहे तो?"

"विळी," ते म्हणाले.

"कुठली विळी?"

"अगो, तू रोज नारळ खवतेस ती!"

परतीच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो होतो. ते खिडकीबाहेर बघत होते, मी माझ्या हाताकडे. दहा लाख घरांतली लाकडं मी वाचली, लोकांच्या देव्हाऱ्यांना टिकल्या लावल्या. जिच्या पाटावर रोज पाय ठेवून नारळ खवते तिला लावायचं कधी मनातही आलं नाही.

रविवारी दुपारी विळी स्वयंपाकघराच्या मधोमध ठेवली. मी टिकलीची डबी उघडली आणि पुन्हा बंद केली.

"काय झालं?" विश्राम म्हणाले. "लाव की."

"आधी मला बोलायचंय. चुकले मी. कॅमेऱ्यासमोर तुम्हाला हसले, ते चुकले. आणि त्यानंतर तीन महिने तुमचं म्हणणं खरं मानलं नाही, ते त्याहून चुकले. टिकली लावल्यावर हे म्हटलं असतं तर ती माफी टिकलीची झाली असती, माझी नाही. आता यात काहीही निघो. लुवान निघो नाहीतर चंद्र निघो. ही फळी सासूबाईंच्या परसातली आहे."

त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून सदऱ्याला पुसला, तो स्वच्छच होता. "लाव आता," म्हणाले. "मलाही बघायचंय."

चाळीस सेकंद. पडद्यावर आलं: कोकण, काळा कातळ, राजापूर परिसर. तोडणी २००२.

मग मी विळीच्या पाटाची आणि झोपाळ्याच्या फळीची कडेची छायाचित्रं घेऊन वाढीची कडी जुळवली. झाड दर वर्षी एक कडं वाढवतं, चांगल्या पावसात रुंद, वाईटात अरुंद. दोन्हीकडची कडी एकास एक बसली. एकच झाड, तरी टिकलीच्या हिशोबाने दोन देशांचं! एके ठिकाणी कडं इतकं बारीक होतं की नखाने झाकावं. मी वर्षं मोजली. "हा बहात्तरचा दुष्काळ."

"त्या साली आई त्याला भांडी धुतलेलं पाणी घालायची," विश्राम म्हणाले. "आत्या सांगायची. सगळे हसायचे तिला. म्हणायची, जगेल तो." आणि त्या बारीक कड्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. तेव्हा मात्र आम्ही दोघंही रडलो, उगाच लपवत नाही.

सोमवारी सकाळी मी आमचे संचालक डॉ. आठल्ये यांच्यासमोर सगळं मांडलं. माणूस भला आहे. त्यांनी सगळं दोनदा वाचलं आणि म्हणाले, "मृदुलाताई, तुमच्या झोपाळ्याचा ट्रक मी आत्ता थांबवतो. पण बाकीचं... दोन महिने थांबा ना. जिनिव्हा होऊ द्या, तुमचा निरोपसमारंभ होऊ द्या. मग कुणीतरी दुरुस्ती काढील. हा पट्टा तुमच्या नावाने ओळखला जातो."

मोह झाला. होऊ नये असं काही नाही, झाला. सव्वीस वर्षांत माझ्या नावाचं म्हणावं असं ते एकच होतं. पण लुवानमध्ये एक चौऱ्याऐंशी वर्षांचा म्हातारा रिकाम्या अंगणात बसला होता. तो म्हणत होता वादळ, आणि मी म्हणत होते आकडे. त्याच्या घरी विळी नव्हती. त्याचं खरं ठरवायला मीच उरले होते.

"सर, आजच काढते दुरुस्ती," मी म्हटलं.

दुपारी चारपर्यंत तक्त्यातला हिरवट पट्टा पुसला गेला. अकरा हजार घरांपैकी जिथे जिथे लाल चकत्या लागल्या होत्या, तिथली जप्ती तपासणी होईपर्यंत स्थगित झाली. जिनिव्हाच्या कार्यक्रमपत्रिकेतून माझं नाव आठवड्याभरात निघालं, आणि लोक बोलायचं ते बोलले. त्या वाहिनीच्या मुलीने फोन करून विचारलं, "मॅडम, म्हणजे यंत्र चुकलं?" मी म्हटलं, "यंत्र नाही चुकलं गं बाई. लाकडात जे होतं ते त्याने वाचलं. चुकले मी. हे दाखव, अगदी माझ्या नावानिशी."

लुवानला शाळेसाठी आमचं लाकूड मिळणार नव्हतं, याचं मला वाईट वाटत होतं. सेलूला तसं म्हटलं. ती म्हणाली, "शाळा होईल गं. चल, तुला एका ठिकाणी नेते." आणि तिने फोन हातात धरून तेपा आजोबांच्या अंगणात नेला. आजोबांना आधी सगळं सांगून झालं होतं. त्यांच्या भोवती पाच-सहा माणसं बसलेली दिसली. त्यांनी पडद्याजवळ तोंड आणून मला एकच विचारलं, "मग ते झाड लावलं कुणी होतं?"

"माझ्या सासूबाईंनी," मी म्हटलं.

"त्यांना माझा नमस्कार सांगा," ते म्हणाले. मी सांगते म्हटलं.

त्या संध्याकाळी घरी आले तर विश्राम कड्या चढवत होते. लाल चकती निघाली होती, पण तिच्या दोन खिळ्यांची भोकं फळीवर राहिली होती. मी म्हटलं, "भरून टाका की ती. दिसतात."

"असू देत," ते म्हणाले, "तुझ्यासाठी ठेवलीत." आणि गालातल्या गालात हसले. तीन महिन्यांनी!

मी नवा फॉर्म घेऊन बसले. बेचाळिसावा प्रश्न घातला: 'लाकूड खाऱ्या पाण्यात मुरवले होते काय?' मग जुना फॉर्म चाळताना शेवटचा एक रकाना दिसला. 'मालकाचे म्हणणे.' हा रकाना पहिल्यापासून होता. दहा लाख लोकांनी त्यात काही ना काही लिहिलं होतं, आणि मी तो एकदाही उघडला नव्हता, कारण त्यात आकडे नव्हते. मी शोध घेतला. 'खाडी' हा शब्द त्यात सहा हजार नऊशे वेळा आला होता.

आमच्या फॉर्मवरचा रकाना कोरा होता. मी विश्रामना विचारलं, "तुमचं म्हणणं काय लिहू?"

ते झोपाळ्यावर बसले, शेजारची जागा हाताने झटकली. "ये बस आधी. मग सांगतो."

मी बसले. पायाने रेटा त्यांनी दिला. मग त्यांनी सांगितलं, आणि मी एकही अक्षर न बदलता लिहून घेतलं: 'आईच्या परसातला साग. लग्न होऊन आली त्या वर्षी तिने लावलेला.'